ओवाळणीत दिलेली गोष्ट

मैत्रिणींनो, मी काही लेखिका नाही. बी.ए. झाले, बी.एड. करायचं राहून गेलं. साताऱ्यात राहते. सकाळी एका खासगी शाळेत तीन तास मराठी शिकवते आणि बाराच्या सुमारास घरी येऊन कुकर लावते. लिहिण्याची सवय म्हणाल तर फळ्यावरची, नाहीतर वाण्याच्या यादीची! तरी आज कागद पुढे ओढला, त्याला कारण झालं आमच्या शाळेतलं मधल्या सुट्टीतलं बोलणं.

आम्ही सगळ्याजणी डबे उघडून बसलो होतो. आमच्यातल्या एक बाई, वयानं मोठ्या, स्वभावानं अगदी गरीब, सांगत होत्या, "मुलगा एकोणतीस वर्षांचा झाला. नोकरी चांगली, व्यसन नाही. पण लग्नाचं नाव काढलं की पानावरून उठून जातो. परवा तर म्हणाला, आई, माझं लग्न करू नकोस, एका मुलीचं नुकसान होईल. आता या बोलण्याला काय म्हणायचं?"

त्यावर दुसऱ्या एकजणी म्हणाल्या, "अहो, काही मनावर घेऊ नका. एकदा अक्षता पडल्या की सगळे येतात ताळ्यावर."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. घंटा झाली, वर्गावर गेले, पण शिकवण्यात लक्ष लागेना. त्या बाईंचा मुलगा लग्नाला का नाही म्हणतो, ते मला ठाऊक नाही. कारण काहीही असेल. पण असंच बोलणं दहा वर्षांपूर्वी आमच्या घरी झालं होतं, आणि तेव्हा आम्ही काय काय करून बसलो होतो, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला बोलायला हवं होतं आणि मी हसले. म्हणून हे लिहिणं.

माझं माहेर लोणंदजवळचं. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते, हे पुष्कळजणींना माहीत असेल. आमच्या घरी तो दिवाळीपेक्षा मोठा सण. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लोणंदच्या कांदा बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. तीन पिढ्यांची वारी घरात. गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला कडक उपास. पालखीच्या दिवसांत अंगणात शंभर-दीडशे वारकरी जेवायचे. आई आणि काकू पहाटे तीनपासून भाकरी थापायच्या. मी आणि माझा धाकटा भाऊ पंक्तीत पाणी वाढायचो.

भावाचं नाव इथे लिहीत नाही. घरात सगळे त्याला धाकट्या म्हणतात, तेच नाव ठेवते. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आवाज गोड, पाठांतर उत्तम. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून हरिपाठाला टाळ घेऊन अण्णांच्या शेजारी उभा राहायचा. आईजवळ बसून समईच्या वाती वळायचा, रांगोळी तर माझ्यापेक्षा सुबक काढायचा. शाळेतली पोरं त्यावरून चिडवत. पण एक सांगते हं, रांगोळी काढणारा मुलगा म्हणजे असाच असणार, असं मुळीच नाही. पुढे त्याच्या ओळखीची माणसं मी पाहिली. त्यांत कबड्डी खेळणारेही होते आणि ट्रक चालवणारेही.

तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्याचं देवधर्म एकदम वाढलं. एकादशीला पाणीसुद्धा घेईना. पहाटे उठून गार पाण्यानं आंघोळ करायचा. पंधराव्या वर्षी हट्ट धरून माळ घालून घेतली. माळ घालताना परस्त्री मातेसमान मानीन असं वचन द्यावं लागतं. आमच्या काका मोठ्या कौतुकानं सांगायचे, "पोर कधी मुलीकडे मान वर करून बघत नाही." अण्णांची छाती भरून यायची. आम्हांला वाटे, घरात संत जन्माला आला. तो देवाजवळ काय मागत होता, ते कुणी विचारलं नाही.

2009 सालची गोष्ट. 2 जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला की, दोन सज्ञान माणसांनी आपखुशीनं ठेवलेला समलिंगी संबंध हा गुन्हा धरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ते आलं, आणि तो दिवस नेमका आषाढी एकादशीचा होता. अण्णा पंढरपुरात होते. आम्ही घरी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खायला बसलो होतो. काकांनी पेपर मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "कलियुग! असल्यांना तर..." पुढचं मी लिहीत नाही. धाकट्या तेव्हा अठरा वर्षांचा. पान तसंच टाकून उठला. आई म्हणाली, "अरे, उपासाचं अन्न टाकू नये." तो म्हणाला, "पोटात दुखतंय." मी त्याला ओव्याचा काढा करून दिला. आज आठवलं की हसूही येतं आणि रडूही. त्या दुखण्यावर मी ओवा देत होते!

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. तो पुण्याला शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला. 2013 ची भाऊबीज. तो माझ्याकडे आला होता. ओवाळून झालं, ताटात त्यानं पाकीट ठेवलं. मग स्वयंपाकघरात माझ्या मागोमाग आला. मी श्रीखंड वाढून घेत होते. म्हणाला, "ताई, ओवाळणीत तुला आणखी एक गोष्ट द्यायची आहे. ती तुझ्याकडेच ठेवशील?"

मला वाटलं, एखादी मुलगी आवडली असेल, जात वेगळी असेल. म्हटलं, "सांग की."

तो ओट्याकडे बघत म्हणाला, "मला मुली आवडत नाहीत. मला मुलगे आवडतात. लहानपणापासून. मी बदलायचं सगळं करून पाहिलं."

मैत्रिणींनो, त्या वेळी मी काय बोलले असेन? त्याला जवळ घेतलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मी वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "हळू बोल. बाहेर हे बसलेत." एवढंच. माझ्या मनात त्याचा विचार दुसरा आला. पहिला विचार आला तो माझ्या सासरचा, सासूबाईंचा, माझ्या दीड वर्षाच्या मुलीचा. उद्या हिच्या लग्नात कुणी विचारलं तर! दीड वर्षाची पोर पाळण्यात आणि मी तिच्या लग्नाची काळजी करत होते.

तो गेला. आठ दिवस मला झोप लागली नाही. नवव्या दिवशी मी आईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्याच्या भल्यासाठीच, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे ते ओझं मला पेलवत नव्हतं, ते मी आईच्या पदरात टाकलं. भावानं ओवाळणीत दिलेली वस्तू कुणी विकत नाही. मी त्याचा विश्वास नऊ दिवसांत वाटून टाकला.

आईनं अण्णांना सांगितलं, अण्णांनी काकांना. महिना झाला नसेल, तोच 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा तो निकाल फिरवला. पुन्हा तो संबंध गुन्हा ठरला. काका पेपर नाचवत आले, "बघा, कोर्टानंही सांगितलं!" त्यांना तरी काय माहीत, की हे कलम इंग्रजांनी 1860 साली आपल्यावर लादलेलं होतं? "असलं सगळं विलायतेतून आलं" असं म्हणणाऱ्या आपल्या घरात, विलायतेतून आलेला कायदाच आम्ही धर्म म्हणून कवटाळून बसलो होतो.

मग सुरू झाले उपाय. जवळच्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे त्याला नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "लग्न करून टाका, सहा महिन्यांत ठीक होईल." गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा, नोकरीवर बोलणी खायचा. आईनं एका देवऋषीकडून अंगारा आणला. माळकऱ्याच्या घरात देवऋषीचा अंगारा! पण आईचं मन बुडत्यासारखं झालं होतं, हाताला लागेल ते धरत होती. धाकट्या सगळं मुकाट्यानं करायचा. गोळी दिली की गिळायचा, अंगारा लावला की कपाळ पुढे करायचा. सहा महिन्यांत तो इतका वाळला की शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायची.

2015 च्या वैशाखात स्थळ ठरवलं. शेजारच्या तालुक्यातली मुलगी, डी.एड. झालेली, आईवडिलांची एकुलती एक. पाहण्याच्या कार्यक्रमाला मी गेले होते. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलीला घेऊन मी आतल्या खोलीत गेले. तिनं पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा हं. त्यांना मी पसंत आहे ना? ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते."

माझ्या काळजात चर्र झालं. दीड वर्ष आम्ही फक्त आमच्या मुलाचा, आमच्या घराचा, आमच्या अब्रूचा विचार करत होतो. या पोरीचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनाला शिवला नव्हता. ती आयुष्यभर हाच प्रश्न विचारत राहणार. आरशापुढे उभी राहून, माझ्यात काय कमी आहे, असं स्वतःला विचारणार. मूल होत नाही म्हणून बोल खाणार, नाहीतर होऊनही एकटी पडणार. आणि हे सगळं माहीत असून तिच्या कपाळाला कुंकू लावायला मी आले होते. मी स्वतः लेकीची आई!

परत आल्यावर रात्री गच्चीवर गेले. धाकट्या तिथेच होता. गळ्यात माळ नव्हती. म्हटलं, "माळ कुठे रे?" म्हणाला, "देवापुढे ठेवली. ताई, उद्या मी साखरपुड्याला हो म्हणणार, म्हणजे खोटं बोलणार. माळ घालून खोटं कसं बोलू?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "मला जगावंसंच वाटत नाही गं."

हे ऐकल्यावर मात्र मी त्याला जवळ घेतलं. भाऊबीजेला जे करायला हवं होतं, ते दीड वर्षानं केलं. रात्रभर त्याच्याजवळ बसले. उजाडल्यावर अण्णांपुढे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलले, "अण्णा, हे लग्न मोडा. मोडत नसाल, तर मी त्या मुलीच्या घरी जाऊन सगळं सांगेन." अण्णा म्हणाले, "तुझ्या सासरी काय तोंड दाखवशील?" मी म्हणाले, "ते माझं मी बघेन."

मुलीकडे मीच गेले. त्यांना एवढंच सांगितलं, "तुमच्या मुलीत काही उणं नाही. आमच्या मुलातही दोष नाही. पण त्याचं मन लग्नात नाही, आणि आम्ही ते तुमच्यापासून लपवत होतो. चूक आमची आहे." तिचे वडील रागावले, आणि ते बरोबरच होतं. आज ती मुलगी तिच्या संसारात सुखी आहे, दोन मुलं आहेत. दर संक्रांतीला तिचा निरोप येतो.

राहिलं माझं सासर. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पण माझ्या यजमानांनी एका वाक्यात विषय संपवला, "तो आपल्या पोरीचा मामा आहे. मामाच राहणार." बाई गं, ज्या भीतीपायी मी भावाचा विश्वास मोडला, ती भीती एवढीशी होती!

अण्णांनी मात्र धाकट्याशी बोलणं टाकलं. फोन आला की रिसीव्हर आईकडे द्यावा तसा मोबाइल तिच्या हातात द्यायचे. आई दोघांच्या मध्ये चिरडत होती. 2016 साली मी तिला पुण्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. धाकट्याला नाही, आईला. त्या बाईंनी तिला चहा दिला आणि शांतपणे समजावून सांगितलं. हा आजार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1973 सालीच आजारांच्या यादीतून हे काढून टाकलं, जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 साली काढलं. कुणाच्या संगतीनं, लाडानं, पेपर-सिनेमानं माणूस असा होत नाही, आणि औषधानं, अंगाऱ्यानं, लग्नानं तो बदलतही नाही.

आई खाली मान घालून म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल. वाती वळायला मीच बसवायची त्याला."

त्या बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. आईनं कप डाव्या हातात धरला होता. त्यांनी विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या का?" आई ओशाळली. ती डावखुरीच. लहानपणी आजीनं तिचा डावा हात पळीनं झोडपला होता, पदरानं बांधूनही ठेवला होता. डाव्या हातानं नैवेद्य दाखवला तर देवाला चालत नाही, म्हणून. आई उजव्या हातानं जेवायला शिकली, उजव्या हातानं आरती ओवाळते. पण विळीवर भाजी चिरायला बसली की आजही डावाच हात पुढे येतो.

बाई म्हणाल्या, "हात बांधून तुम्ही उजव्या झालात का?"

आई काही बोलली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून सगळा कात्रजचा घाट उतरेपर्यंत आपल्या हाताकडे बघत होती. शिरवळ आल्यावर एकदम म्हणाली, "फार दुखायचा गं हात." त्या रात्री तिनं आपण होऊन धाकट्याला फोन लावला आणि जेवलास का म्हणून विचारलं. तेवढंच. पण तेवढ्यानं तो हमसून हमसून रडला, हे त्यानं मला पुढे सांगितलं.

धाकट्याला स्वतःशी समेट करायला मात्र आणखी वेळ लागला. तुम्हाला वाटेल, घरच्यांनी पदरात घेतलं की झालं. तसं नसतं. पंधरा वर्षं जो स्वतःला पापी म्हणत आला, त्याच्या मनातला काका काही लगेच गप्प बसत नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट ही संस्था सुरू केली होती, आणि या विषयावर मराठीत पुस्तकंही लिहिली. ती पुस्तकं कुणीतरी त्याला दिली. तो म्हणतो, "ताई, मला सगळ्यांत आधार कसला वाटला सांगू? ते मराठीत होतं. आपल्यासारखी माणसं, आपल्यासारखी आडनावं, आपल्यासारखी देवघरं. तोवर मला वाटायचं, अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच."

देवाचं काय झालं, असं मी त्याला एकदा विचारलं. त्यानं सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाला, "तेराव्या वर्षापासून मी विठ्ठलाला एकच म्हणायचो, मला बदल. एक दिवस थकून म्हणणं सोडून दिलं. तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी देवाशी दुसरं काही बोललोच नव्हतो. मग साध्या गोष्टी बोलायला लागलो. आज ऑफिसात काय झालं, भाजी काय केली. त्याच्याकडून काही उत्तर आलं नाही, पण तो रागावलाय असं वाटणं थांबलं. आपण त्याला माउली म्हणतो ना? मग आई कधी लेकराला दुसरंच लेकरू होऊन ये म्हणते का?"

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की, सज्ञान माणसांमधला असा संबंध गुन्हा नाही. त्या पाचांत एक बाई होत्या, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा. त्यांनी निकालपत्रात लिहिलं की, या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची इतिहासानं माफी मागायला हवी. ते वाचून मी भाकरीचं पीठ मळायचं टाकून उठले आणि पिठाच्या हातानंच धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "इतिहास मागेल तेव्हा मागेल. मी आज मागते. भाऊबीजेला तू मला जे दिलंस ते मी सांभाळलं नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पीठ वाळेल तुझं. जा."

त्याच सुमारास भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही जाहीर केलं की हा आजार नव्हे. 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सांगितलं की, अशा माणसांना 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरच्या व्यवसायाला न शोभणारं गैरवर्तन आहे. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं, तर त्या गोळ्यांचे सहा महिने वाचले असते.

आता अण्णांचं सांगते. 2019 साली त्यांचे गुडघे गेले होते, तरी वारी सोडायला तयार नव्हते. दिंडीत बरोबर कुणीतरी हवं. काकांचंही वय झालेलं. आई म्हणाली, "धाकट्याला बोलावते." अण्णा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तो रजा काढून आला. लोणंदपासून पंढरपूरपर्यंत बापाची पिशवी त्यानं खांद्यावर घेतली. रात्री तंबूत त्यांचे पाय चेपले. तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, मुक्काम होत गेले. बोलणं फक्त "पाणी दे" आणि "चल आता" एवढंच.

पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. अण्णा दरवर्षी तिथे डोकं टेकवतात. त्या वर्षी टेकवल्यावर ते तिथेच उभे राहिले. गर्दी ढकलत होती तरी हलेनात. मग धाकट्याकडे न बघता म्हणाले, "चोखोबांना जन्मभर बाहेर ठेवलं. त्यांच्या माणसांना दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं. तेही साने गुरुजी उपासाला बसले तेव्हा. देव आतच होता. अडवणारे आपणच." एवढं बोलून त्यांनी आधारासाठी त्याचा हात धरला आणि पायऱ्या उतरले.

यापुढे ते या विषयावर एक अक्षर बोललेले नाहीत. आजही तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. काका तर अजून धाकट्याच्या हातचं पाणी घेतात आणि नजर चुकवतात. सगळं गोड झालं, असं मी सांगणार नाही. पण त्या वारीहून आल्यावर धाकट्यानं देवघरातली माळ उचलली आणि आपल्या हातानं पुन्हा गळ्यात घातली. अण्णा समोर पोथी वाचत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुढची ओवी वाचायला लागले.

धाकट्या आता चौतीस वर्षांचा आहे. पुण्यात त्याच्या मित्राबरोबर राहतो. मित्र म्हणजे काय, ते आम्हांला सगळ्यांना माहीत आहे. अशा दोघांना लग्नाची कायद्यानं मुभा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 ला, तो हक्क आम्ही देऊ शकत नाही, ते संसदेचं काम आहे, असं सांगितलं. त्या दिवशी दोघांनी वरणभात केला आणि लवकर झोपले. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत एकत्र खातं काढायला आडकाठी नाही, आणि रेशनकार्डावरही त्यांना एका घरचे धरावं. धाकट्यानं मला खातेपुस्तकाचा फोटो पाठवला, दोघांची नावं असलेला. आई दिवाळीला लाडवांचे दोन डबे भरते. पहिल्या वर्षी मी विचारलं, दोन कशाला? म्हणाली, "त्या पोराला रव्याचे आवडत नाहीत, बेसनाचे आवडतात."

माझी मुलगी तेरा वर्षांची झाली. तिनं एकदा विचारलं, "मामाला मामी का नाही?" मी सांगितलं, "काही पुरुषांना बायको हवीशी वाटते, काहींना पुरुषाचीच सोबत हवीशी वाटते. मामा दुसऱ्यांतला." ती म्हणाली, "बरं." आणि अभ्यासाला बसली. जे आमच्या घराला पचायला पाच-सहा वर्षं लागली, ते पोरीनं एका 'बरं'मध्ये पचवलं!

मैत्रिणींनो, आपल्यापुढे कुणी असं मन उघडलं, तर काय करावं? मी चुकले, त्यावरून चार गोष्टी सांगते. पहिलं, मुलगा असो की मुलगी, बोलत असेल तर बोलणं पुरतं ऐकावं. उत्तर सुचलं नाही तर नुसतं जवळ बसावं. दुसरं, त्यानं सांगितलेलं त्याला न विचारता नवऱ्यालासुद्धा सांगू नये. सांगायचं कुणाला आणि कधी, हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं. तिसरं, लग्न हे औषध नव्हे. आपल्या मुलाच्या दुखण्यावर दुसऱ्याची लेक उगाळून लावू नये. चौथं, तो जगण्याला कंटाळल्यासारखं बोलू लागला, तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नये. त्याला एकटं सोडू नये, आणि जो डॉक्टर 'बदलतो' म्हणणार नाही, अशा डॉक्टरकडे न्यावं.

हा लेख मी आधी धाकट्याला वाचायला पाठवला. आता मी न विचारता काही सांगत नाही. त्यानं एकच ओळ खोडायला सांगितली, ती मी खोडली. खाली लिहून पाठवलं, "ताई, ओव्याच्या काढ्याचं राहू दे."

आणि काल मधल्या सुट्टीत मी त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसले. बाकीच्या उठून गेल्यावर म्हटलं, "त्या दिवशी मी हसले, ते चुकलं माझं. तुमचा मुलगा नुकसान होईल म्हणाला ना, तर कसलं नुकसान, ते त्याला एकदा शांतपणे विचारा. तो काहीही सांगो, ओरडू नका." मग त्यांना माझ्या भावाची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्या डब्याचं झाकण लावत होत्या. ते तीनदा लावलं, तीनदा निघालं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या आईंना किती दिवस लागले हो?"

मी खरं तेच सांगितलं, "बाई, तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागायला नकोत."